केस काढायचा लेसर टॅटूवर का चालत नाही?

प्रश्न असा: केस काढणं, टॅटू घालवणं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्सच्या मागे आलेली जाळी फोडणं, तिन्हींना १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग (निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकाचा) लेसर चालतो. मग एकाच यंत्रावर का भागत नाही?

कारण पल्सची, म्हणजे प्रकाशाच्या एका झोताची, लांबी (तो किती वेळ टिकतो) वेगळी. वॉट विचारायच्या आधी ती विचारा.

प्रकाश कशात शोषला जाईल हे तरंगलांबी ठरवते. उष्णता तिथेच राहील की शेजारी झिरपेल, हे पल्स किती वेळ टिकते त्यावर ठरतं. दहापट बारीक कण साधारण शंभरपट लवकर निवतो. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं. त्वचेच्या लेसरचं बहुतेक गणित त्यावरच चालतं.

केसासाठी पल्स दहा किंवा त्याच्या काही पट मिलिसेकंदांची लागते, कारण केसातली उष्णता भोवतीच्या मूळपेशींपर्यंत पोचायला हवी. म्हणून आधी वॅक्सिंग नको, दाढीसारखं रेझर फिरवा: केसच उपटला तर प्रकाश शोषणार कोण? पांढऱ्या केसात प्रकाश शोषणारा रंगच नसतो, म्हणून त्यावरही परिणाम होत नाही.

टॅटूच्या शाईचे कण अतिसूक्ष्म, त्यामुळे पल्स नॅनोसेकंद किंवा पिकोसेकंदांची. कण फुटतात, मग शरीरातल्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात; दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे ठेवायचे ते यासाठी. इथे मिलिसेकंदाची पल्स मारली की शाई तशीच राहते आणि कातडी भाजते, व्रण पडतो. लाल शाईला ५३२ नॅनोमीटरचा लेसर लागतो. ओठ-भुवयांच्या कॉस्मेटिक टॅटूत टिटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असेल तर रंग क्षणात काळा पडू शकतो, म्हणून आधी छोट्या ठिपक्यावर चाचणी घ्याच.

डोळ्यातली गोष्ट निराळीच. ती जाळी, म्हणजे लेन्समागचा धूसर पडदा, हा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. काही नॅनोसेकंदांत एक-दोन मिलिज्यूल ऊर्जा इवल्याशा बिंदूवर आणली की तिथे प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) तयार होतो आणि त्याच्या धक्क्याने पडदा फाटतो. फोकस पुढे सरकला तर कृत्रिम लेन्सवर खड्डे पडतात, म्हणून तो पडद्याच्या किंचित मागे, साधारण १५० ते २५० मायक्रॉन ठेवतात. सुरुवात एक मिलिज्यूलच्या आसपास करून गरजेपुरतंच वाढवतात. नंतर डोळ्याचा दाब वाढू शकतो, तो तपासायला हवा.

आणि गॉगल: १०६४ दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, पण किरण थेट रेटिनावर एकवटतो. काचेवर छापलेली तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किती प्रकाश अडवते) पाहूनच घाला. कार्बन डायऑक्साइड लेसरचा पारदर्शक गॉगल इथे उपयोगाचा नाही.