४५ टक्के भाजलेला माणूस वाचतो का? सगळं टक्क्यांवरच असतं का?

तुमचे सासरे ६२ वर्षांचे, ४५ टक्के भाजलेत आणि वाचण्याची आशा कितपत, असं तुम्ही विचारलंय. टक्क्यांवर सगळं नसतं. वय, श्वासनलिका पोळली आहे का, भाजलेलं किती खोल आहे आणि पहिल्या काही तासांत काय झालं, हेही तितकंच धरतात. त्या पहिल्या तासांवरून आमच्या घरात दर गणेश चवथीला वाद होतो (भाजलेल्या काकीवर मी पाणी ओतलं, ते काकांना अजून पटलेलं नाही), म्हणून जरा लांबण लावतो.

आमचं घर गोव्यात फोंडा तालुक्यात, मागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग. चवथीच्या आदल्या दिवशी काकी मागल्या दारी चुलीवर नेवऱ्या तळत होती. अंगात नायलॉनचा गाऊन. कढई कलंडली, तेलानं पेट घेतला आणि गाऊनही पेटला. मी गोणपाटानं आग विझवली, कुळागराचा पाईप ओढून आणला आणि तिच्या अंगावर पाणी सोडलं. कढईवर नव्हे, हे मुद्दाम सांगतो. जळत्या तेलावर पाणी घातलं की भडका उडतो. काकीवर पाणी घड्याळ लावून २० मिनिटं. बांगड्या आधी उतरवल्या, कारण हात सुजला की त्या कापाव्याच लागतात. कातडीला चिकटलेला गाऊनचा तुकडा तसाच ठेवला. तेवढ्यात काका हळद आणि टूथपेस्ट घेऊन आले. मी त्यांचा हात धरला. वयानं लहान असून हात धरला, हे त्यांना अजून सलतं.

१०८ आली. फोंड्यात सलाईन लावून बांबोळीला नेलं. तिथल्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पहिला प्रश्न, "नक्की किती वाजता भाजलं?" मला वाटलं, पोलिसांसाठी विचारतायत. तसं नव्हतं. सलाईनचा हिशोब भाजल्याच्या वेळेपासून धरतात: चार मिली गुणिले वजन गुणिले टक्के, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. काकीचं वजन ५५, भाजलेलं २४ टक्के, म्हणजे पाच लिटरच्या वर. वाटेत दोन तास गेले तर उरलेल्या सहा तासांत ते पहिलं निम्मं भरून काढायचं. वाड्यावरचे 'अर्धं अंग भाजलं' म्हणत होते. डॉक्टरांनी हाताचे नऊ, छाती-पोटाचे इतके, असे मोजून २४ काढले. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट साधारण एक टक्का, हे मला तिथेच कळलं. नाकात बॅटरी मारून केस पोळलेत का ते पाहिलं, आवाज घोगरा झालाय का ते ऐकलं. ती उघड्यावर होती, बंद खोलीत नव्हती, म्हणून श्वासनलिका वाचली.

दंडावरचा एक भाग पांढरा, चामड्यासारखा होता आणि तो दुखत नव्हता. काका म्हणाले, "तिथे बरं आहे." तिथेच सगळ्यात वाईट होतं, खोल भाजलं की दुखणं कळवणाऱ्या नसाच जळतात. तिथली मेलेली कातडी लवकर काढून मांडीची कातडी लावली. पुढचे दिवस जंतूंचे. अर्धा वाडा भेटायला यायला निघाला, मी दारातूनच परत पाठवला. शिष्ट म्हणाले, म्हणू देत. डॉक्टरांनी रोज अंडी द्यायला सांगितली, तर काकांचं 'चवथीत अंडं नको'. भाजलेलं शरीर स्वतःचेच स्नायू खात सुटतं, तिथे चवथ कसली पाळता? मी डब्यातून चोरून नेली.

तुमचा आकडा. वय आणि टक्के यांची बेरीज करतात, श्वासनलिका पोळली असेल तर १७ आणखी. तुमच्या सासऱ्यांची १०७. पूर्वी बेरीज शंभरीच्या पुढे गेली की डॉक्टर नकाराची मान हलवायचे. आता चांगल्या बर्न युनिटात, म्हणजे भाजलेल्यांच्या खास विभागात, ती रेघ पुढे सरकली आहे, पण प्रकरण गंभीरच. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आणखी अवघड. उद्याच्या राउंडला तीन गोष्टी विचारा: खोल भाजलेलं किती, श्वासनलिका कशी आहे, लघवी तासाला किती होते. मोठ्या माणसाला तासाला ३० ते ५० मिली हवी.

मी डॉक्टर नाही, २६ रात्री इस्पितळाच्या बाकावर काढलेला पुतण्या आहे. काकी आज ठीक आहे, डावं कोपर तेवढं पूर्ण सरळ होत नाही. काकांच्या मते हेही पाण्यामुळेच. घरी आल्यावर व्यायामाला बसवलं की "तिला छळू नका" कोण म्हणायचं, ते त्यांनी आठवावं.

काकांचं एक मात्र खरं, पाण्यानं ती गारठली. अँब्युलन्समध्ये काकी दात वाजेपर्यंत कुडकुडत होती. इतकं भाजल्यावर अंगाची ऊब टिकत नाही, म्हातारी माणसं आणि लहान मुलं तर पटकन गार पडतात. पाणी बंद केल्याबरोबर तिला कोरड्या चादरीत गुंडाळायला हवं होतं. ते मी विसरलो.