कंपनीशिवाय स्वतःचा अल्बम काढण्यासाठी लोकांकडून आधीच पैसे मागणं म्हणजे भीक मागणंच नाही का?

'भीक' हा शब्द वाचला आणि कुकर लावायचा सोडून लिहायला बसले. तुम्ही म्हणताय की आठ गाणी तयार आहेत, सोसायटीच्या पार्किंगपासून हुंड्यापर्यंत सगळ्यांना चिमटे काढणारी. कंपन्या हात लावत नाहीत, आणि खर्च किती येईल तेही तुम्ही विचारलंय. मित्राने लोकांच्या पैशांतून अल्बम काढणाऱ्या अमेरिकन गायिका जिल सोब्यूलचं उदाहरण दिलं, तर काका म्हणाले ही झोळी घेऊन फिरायची लक्षणं. मला तुमच्यापेक्षा काकांशीच बोलायचंय, कारण असे एक माझ्या सासरीही आहेत.

२००८चा जानेवारी. मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये, एच-फोर म्हणजे नोकरदाराच्या बायकोच्या व्हिसावर. त्या काळी ज्या तिथे होत्या त्यांना पुढचं सांगायला नको: हातात इंजिनिअरिंगची पदवी आणि कमवायला बंदी. दिवस घालवायला लायब्ररी होती. तिथून सीड्यांचे गठ्ठे आणायचे आणि घरकाम करता करता ऐकायचे. त्यात ही सोब्यूल बाई सापडली. आवाज शाळकरी मुलीसारखा, चाल गुणगुणावी अशी, आणि शब्दांत टाचणी लपवलेली. जिममध्ये कधीही जा, तिथे असणारी आणि झिजत चाललेली एक मुलगी, तिच्यावर एक गाणं आहे. पहिल्यांदा मी नुसती चाल ऐकली. दुसऱ्यांदा शब्द ऐकले आणि टॉवेलची घडी तशीच हातात राहिली.

तिचा पहिला अल्बम १९९०चा. १९९५मध्ये 'आय किस्ड अ गर्ल' गाजलं. (हो, त्या नावाचं दुसरं गाणं तेरा वर्षांनी आलं, त्याच्याशी हिचा संबंध नाही.) नंतर दोन मोठ्या कंपन्यांनी तिला सोडलं, आणि ज्या दोन लहान कंपन्यांनी धरलं त्या स्वतःच बुडाल्या. मग तिने सरळ वेबसाइट काढली: पुढच्या अल्बमला ७५,००० डॉलर लागतील, तुम्ही द्या. दरपत्रक वाचूनच मी खिशात हात घातला. १० डॉलरला 'पैलू न पाडलेला खडा', म्हणजे डाउनलोड. २५ला पैलू पाडलेला, म्हणजे बाजारात यायच्या आधी सीडी घरपोच. ५००ला गाण्यात तुमचं नाव. ७५०ला तेच, फक्त तुम्ही तिला जास्त पैसे देता. १,०००ला तुमच्यासाठी खास गाणं, ५,०००ला तुमच्या घरी मैफल. आणि १०,०००च्या पायरीचं नाव अणुबॉम्बच्या दर्जाचं प्लुटोनियम: तिच्या अल्बमवर तुम्हीच गायचं, गाता येत नसलं तरी. एका बाईने तेवढे पैसे भरले आणि खरंच गायली.

मी २५ भरले.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी दीर-जाऊ जेवायला आले होते. कार्डाचं स्टेटमेंट फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं. भाऊजी पाण्याची बाटली काढायला उठले ते तिथेच वाचत उभे राहिले. "हे पंचवीस कसले गं?" मी सांगितलं. "गाणारीला? सीडी कुठाय मग?" अजून रेकॉर्ड व्हायचीय म्हटल्यावर त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "म्हणजे भीकच की. धडधाकट माणसाला भीक घालू नये." आणि नवऱ्याकडे बघून, "कमावणारा एक, दानधर्म करणारी दुसरी. बरंय." नवरा भात कालवत होता. कालवतच राहिला.

त्यानंतर वर्षभर, पाडवा असो, गणपती असो की पुतण्याची मुंज, मला बघितलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "आली का गं सीडी?" सगळे हसायचे. मीही हसायचे, त्याचाच आता राग येतो.

तिकडे दोन महिन्यांच्या आत तिचे ७५,००० जमले होते. त्या पैशात तिने डॉन वॉजसारखा निर्माता घेतला, रोलिंग स्टोन्स आणि बॉनी रेटबरोबर काम केलेला माणूस. 'कॅलिफोर्निया इयर्स' एप्रिल २००९मध्ये तिच्या स्वतःच्या पिंको रेकॉर्ड्सवर आला. योगायोग म्हणजे किकस्टार्टर, म्हणजे असेच लोकांकडून आधी पैसे गोळा करून देणारी वेबसाइट, सुरू झाली तीही त्याच महिन्यात. आज सगळे हेच करतात, तेव्हा तिच्या डोक्यात ते आधीच आलेलं होतं.

सीडी आली ती मी घरात लावलीच नाही. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून ऐकली. पिशवीत दूध, बाहेर ऊन. एका गाण्यात हॉलिवूडच्या फुटपाथवर स्पायडरमॅनचा वेष घालून उभा राहणारा माणूस आहे. एकात मेक्सिकोतलं औषधांचं दुकान आहे, एकात एक जुनी गायिका एवढी गाजून गेली कुठे, याची चौकशी. कुठेही भाषण नाही. शेवटच्या गाण्यात ती पैसे देणाऱ्यांची नावं गाते. ती ५००वाल्यांची, माझं असणं शक्यच नव्हतं. तरी मी शेवटपर्यंत कान देऊन बसले. दूध तापलं.

आता भिकेचं. भीक म्हणजे देणाऱ्याच्या हाती काही येत नाही आणि घेणारा हिशेब देत नाही. इथे २५ला काय मिळणार ते आधी छापलेलं होतं आणि ते मिळालं. याला आपल्याकडे स्वच्छ शब्द आहे: प्रकाशनपूर्व सवलत. माझ्या वडिलांनी सांगलीहून एका ग्रंथाच्या खंडांसाठी मनीऑर्डर केली होती, शेवटचा खंड हातात पडेपर्यंत मी दहावी झाले. प्रकाशकाला घरात कुणी भिकारी म्हटलं नाही. उलट शोकेसमधली काचेची भांडी काढून ते खंड लावले.

आणि भाऊजी? डोंबिवलीत असताना स्वतः गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन जिने चढायचे, हे तेच अभिमानाने सांगतात. पुढे इथल्या एका मराठी मंडळात पदाधिकारी झाले. दिवाळी कार्यक्रमाचं पत्रक पाठवलं त्यावर प्रायोजकांच्या पायऱ्या: चांदी, सोनं, हिरा. हिरेवाल्यांना पहिल्या रांगेत चार खुर्च्या. मी बोलले काही नाही, चेक दिला. तेव्हा बोलायला हवं होतं.

तुमचा दुसरा प्रश्न खर्चाचा. तो तुमच्या गावातल्या स्टुडिओवाल्याला विचारा. मात्र वादकांचं मानधन, मिक्सिंग, मास्टरिंग आणि मुखपृष्ठ हे सगळं धरून विचारा, नाहीतर नुसता तासाचा दर सांगेल. कागदावर हिशेब मांडा आणि तोच कागद लोकांना दाखवा. "कलेला हातभार लावा" असलं काही लिहू नका, त्याने वर्गणीचा वास येतो. किती रुपयांना काय आणि कधी, एवढंच लिहा, आणि लिहिताना तुमच्या गाण्यांइतकंच खट्याळ लिहा. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे काका आहेत. आणि शब्द-चाली तुमच्याच असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. पुढे एखादी कंपनी आलीच, तर सही करण्याआधी रॉयल्टीचं कलम वकिलाला दाखवा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. तिने पैसे मागितले तेव्हा पहिल्या अल्बमला अठरा वर्षं झाली होती, गावोगावच्या छोट्या हॉलमध्ये गाऊन जोडलेली माणसं पाठीशी होती. तुमच्याकडे नावानिशी ओळखणारे पन्नास श्रोते नसतील तर आधी ते जमवा. कट्ट्यावर गा, कॉलेजात गा, सोसायटीच्या गणपतीत तर गाच, तिथे पार्किंगचं गाणं कुणाला झोंबतं तेही कळेल. आठऐवजी दोनच गाणी नीट करून सोडलीत तरी बिघडत नाही.

२०२५च्या १ मे रोजी ती गेली, मिनेसोटात ती उतरली होती त्या घराला आग लागून. बातमी मला नवऱ्याने दाखवली. "तुझी ती पंचवीस डॉलरवाली," एवढंच म्हणाला. त्याला आठवत होतं तर.

तुमची नोंदणी सुरू झाली की इथेच कळवा. दोन प्रती माझ्या. एक माझ्या पत्त्यावर, दुसरी भाऊजींच्या, आणि त्यांची वर्षभर उशिरा पोचली तरी चालेल.