ज्यू कुटुंबात मुले वाढवताना रोजचे आनंद आणि अडचणी कोणत्या असतात?

तुम्ही हा प्रश्न महाराष्ट्रातल्या ज्यू पालकांना विचारला आहे, म्हणून एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, आई या नात्याने उत्तर देते. आम्ही ठाण्यात राहतो, मूळ गाव अलिबागकडचे, आणि आमच्या आडनावाच्या शेवटी इतर कोकण्यांसारखेच ‘कर’ आहे. मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. धर्मावरून कोणी त्यांना हिणवल्याचे मला आठवत नाही. अडचण आहे ती आमच्या संख्येची. आम्ही इतके थोडे आहोत की शाळेचे वेळापत्रक, वाढदिवसाचे जेवण किंवा प्रवेशअर्जातले रकाने ठरवताना आम्ही कोणाच्या ध्यानातच नसतो. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी अर्ज भरताना माझे बोट अजून सवयीने ‘इतर’कडेच वळते.

सर्वांत अवघड वार शनिवार, आणि सर्वांत आवडती वेळ त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, आमच्याकडे द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे शरबत करतात. सकाळी भिजत घातलेल्या मनुका दिवे लावण्यापूर्वी हाताने कुस्करून फडक्यातून पिळून घ्याव्या लागतात, आणि हे काम मुलीने स्वतःकडे घेतले आहे. ती गणवेश न बदलताच बसते, बाहीवर तपकिरी डाग पडतो आणि त्यावरून आमचे दर आठवड्याला भांडण होते. मग दिवे लागतात, आजी दोघांच्या डोक्यावर हात ठेवते आणि भांडण तेवढ्यापुरते मिटते.

शनिवारी मात्र शाळा असते. आम्ही फार काटेकोर नाही, पण शब्बाथला लिहू नये एवढा नियम घरात पाळला जातो. मुलगा सातवीत असताना शाळेने गणिताची चाचणी शनिवारी ठेवली. मी आधीच पत्र दिले होते, परंतु एका विद्यार्थ्यासाठी दिवस बदलता येणार नाही असे उत्तर आले, आणि शेवटी आम्ही त्याला पाठवले. घरी आल्यावर तो बोटावरची शाई आजीला दिसू नये म्हणून हात खिशात घालून बसला होता. गुण चांगले पडले, पण आम्ही त्याला पाठवायला नको होते असे मला अजून वाटते.

खाण्यापिण्याचे नियम मुले त्यामानाने लवकर शिकतात. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही असतात तोच आम्हाला चालतो, त्यामुळे पापलेट आणि रावस घरात येतात, पण कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या वर्ज्य आहेत. कोकणी माणसाच्या घरी कोळंबी शिजत नाही हे शेजाऱ्यांना आमच्या धर्मापेक्षाही मोठे कोडे वाटते. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून बटर चिकन बाद. आमच्या रश्शात नारळाचे दूध असते, आणि ते इतके चविष्ट लागते की या नियमाची तक्रार मुलांनी कधी केलेली नाही. तक्रार होते ती पेसाख (वल्हांडण) सणाच्या आठ दिवसांत, कारण तेव्हा आंबवलेले चालत नाही म्हणून पाव बंद असतो, सण नेमका वार्षिक परीक्षेच्या आसपास येतो आणि शाळेबाहेर वडापावची गाडी उभी असते. याची भरपाई मलिद्याने, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या आमच्या विधीतल्या ताटाने, होते. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे (एलिया संदेष्ट्याचे) गाणे सुरू झाले की वर्गातले मित्रही आमच्या मुलांच्या आधी ताट धरून बसतात.

आपण कोण हे समजावून सांगण्याचे काम मात्र लहान वयातच अंगावर पडते. नावावरून कोणी ख्रिश्चन समजतात, तर कोणी मुसलमान, आणि जुनी माणसे सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणत असल्यामुळे गोंधळात भरच पडते. एकदा सोसायटीचे वृद्ध रखवालदार, रायगडचेच, मुलाला म्हणाले, “म्हणजे तुम्ही शनवार तेली!” कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे आमचे पूर्वज याच नावाने ओळखले जात. आपल्याला ओळखणारे कोणी भेटले म्हणून मुलगा आठवडाभर खुशीत होता. सिनेगॉगबाहेर पोलीस का उभे असतात, या त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण गेले. 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर झालेला दहशतवादी हल्ला मी त्याला दहाव्या वर्षी सांगितला, तोही अर्धाच.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते, पण त्यांतले बहुतेक पुढे इस्रायलला गेले. मुलांची चुलत भावंडे अश्दोदला असतात, हिब्रूत भांडतात आणि आजीशी तेवढे मोडके मराठी बोलतात. फोन ठेवल्यावर आपणही जाणार का, असा प्रश्न येतोच. आमचे अजून काही ठरलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गावाकडच्या एका लहान सिनेगॉगमध्ये गेलो होतो. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षे पूर्ण झालेले किमान दहा पुरुष लागतात. माणसे आकड्यांनी मोजू नयेत असा संकेत आहे, तरी वरच्या सज्जात बसलेल्या आम्ही बायका मनातल्या मनात मोजतच होतो. खाली नऊ जण होते. हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, दाराकडे पाहत थांबले, मग त्यांची नजर कोपऱ्यात चुळबुळत बसलेल्या माझ्या मुलाकडे गेली आणि ते म्हणाले, “अरे, तू आहेस की!” प्रार्थना सुरू झाली. तो इतका ताठ उभा होता की मला हसू आवरेना. तेवढ्यात मुलीने माझी ओढणी ओढून विचारले, “मी तेरा वर्षांची झाले की मलापण धरतील?” आमच्या रिवाजात धरत नाहीत. मी तिला पुस्तकातले पान दाखवले आणि गप्प राहिले. परतीच्या बोटीत तिने तोच प्रश्न बापाला विचारला.