शाळेची भीती वाटते, मग लग्नाची का नाही?

प्रश्न (डिसेंबर 2021): ताई, आम्ही मुलुंडला राहतो, मुलगा तिसरीत. 15 डिसेंबरला शाळा उघडली, तेव्हापासून खूश आहे. फक्त फळ्यावरचं उतरवून घ्यायचा कंटाळा, बाईंना म्हणतो ग्रुपवर फोटो टाका ना. आता नाताळची सुट्टी संपली की 3 जानेवारीला परत शाळा, पण सासूबाई (68, शुगर आहे) म्हणतात ओमिक्रॉन (कोरोनाचा नवा प्रकार) आलाय, नातवाला पाठवलंत तर मी गावी निघून जाईन. मिस्टर म्हणतात पाठवायचंच. 30 तारखेला ठाण्यात नणंदेच्या दिराचं लग्न आहे, सगळे जाणार, त्याआधी घरात वाद नकोय. काय करू?

उत्तर: पाठवा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं पत्र वाचताना मला शाळेपेक्षा ते लग्न जास्त खटकलं बघा. वर्गात एका बाकावर एक मूल, मास्क, उघड्या खिडक्या, काही तासांत घरी. आणि तिकडे एसी हॉल, बुफेची रांग, मास्क हनुवटीवर, फोटोच्या वेळी तर थेट खिशात, वर चार गावचे पाहुणे. कोरोना हवेतून पसरतो, बंद जागेत जास्त, मग सासूबाईंना धोका कुठून जास्त आहे ते तुम्हीच सांगा. पण लग्नाचं नाव कोणी काढत नाही कारण तो मानपानाचा विषय, आणि शाळा काय, इतके दिवस बंदच होती, अजून थोडी राहिली तर काय बिघडतंय, असं आपल्याकडे सगळ्यांचंच झालंय (सरकारचंही, हॉटेलं आणि बार कधीच उघडले, पहिलीची पोरं सगळ्यात शेवटी).

बिघडतंय हो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तुमचा मुलगा पहिलीत होता, दुसरी अख्खी मोबाईलवर गेली. तो फळ्याचा फोटो मागतोय तो कंटाळा नाहीये, बघून लिहायची सवयच लागली नाहीये त्याला, आणि ती घरी बसून लागत नाही.

शाळेत जाऊन थोडं विचारून या. खिडक्या खरंच उघड्या ठेवतात की थंडी म्हणून लावून घेतात, डबा खाऊ देतात का आणि कुठे, कारण मास्क निघतो तो तेव्हाच, शिक्षक, मावशी, व्हॅनवाले काका सगळ्यांचे लसीचे दोन्ही डोस झालेत का, व्हॅनच्या काचा खाली असतात का. गेटवरच्या त्या टेंपरेचर गनने आणि सॅनिटायझरच्या फवाऱ्याने मात्र फार इम्प्रेस होऊ नका. मुलाला सर्दी-ताप वाटला तर शाळा बंद, आजीजवळ झोपणं बंद आणि टेस्ट. केमिस्टकडे कोविसेल्फ (घरी करायचं टेस्ट किट) मिळतं, पण लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर लॅबमधली आरटीपीसीआर टेस्ट कराच.

सासूबाईंना उगाच घाबरता असं म्हणू नका. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत हॉस्पिटलच्या बेडसाठी लोकांनी किती फोन फिरवले ते त्यांनी पाहिलंय. त्यांच्या समोर बसून लसीचं कोविनचं सर्टिफिकेट उघडा, दुसऱ्या डोसची तारीख बघा. 25 डिसेंबरला पंतप्रधानांनी जाहीर केलंय, 10 जानेवारी 2022 पासून साठीच्या पुढच्या शुगर-बीपीवाल्यांना प्रिकॉशन डोस (म्हणजे लसीचा तिसरा डोस), दुसऱ्या डोसला 9 महिने झालेले हवेत. एप्रिलमध्ये झाला असेल तर जानेवारीतच नंबर लागतो, डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.

केसेस वाढतायत, पालिकेने परत शाळा बंद केल्या तर आपला इलाज नाही, तोपर्यंत जाऊ दे त्याला.

आणि लग्नाला मिस्टर एकटे जाऊ देत, मास्क लावून अक्षता टाकायच्या, आहेर द्यायचा, न जेवता परत. नणंद रागावेल, रागावू दे, तिला फोन मिस्टरांनी करायचा, तुम्ही नाही. शाळेच्या संमतीपत्रावर सहीसुद्धा त्यांचीच घ्या, म्हणजे उद्या पोराला नुसती शिंक आली तरी "सूनबाईंनीच पाठवलं" हे तुम्हाला ऐकावं लागणार नाही.