बिलियर्ड्स, स्नूकर, पूल हे साहेबांचेच खेळ ना, त्यात आपलं काय आहे?

अहो खूप आहे! स्नूकर तर जन्मलंच जबलपूरला. 1875 सालचा पावसाळा, ब्रिटिश अधिकारी मेसमध्ये अडकून बसलेले, तेव्हा नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो नाही, तो तेव्हा 6 वर्षांचा होता) जुन्या खेळात आणखी रंगीत बॉल टाकले. लष्करी कॉलेजात नवख्या पोराला स्नूकर म्हणायचे, कोणाचा तरी शॉट चुकला तेव्हा चेंबरलेन त्याला तसं म्हणाला आणि तेच नाव खेळाला चिकटलं. नियम नंतर उटीच्या क्लबात पक्के झाले.

बिलियर्ड्स त्याहून जुनं, टेबल स्नूकरचंच 12 फुटी पण बॉल फक्त 3. मी पार्लरमध्ये 9 फुटी टेबलावर पूल खेळत शिकलो, पहिल्यांदा 12 फुटीवर क्यू (बॉल मारायची काठी) धरला तेव्हा समोरचं पॉकेट इतकं लांब आणि बारीक दिसलं की सरळ शॉटसुद्धा जाईना. तेव्हापासून बिलियर्ड्सवाल्यांबद्दल फार आदर आहे.

आणि त्यात पहिलं नाव विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, 1922 चा. 1958 ला कलकत्त्यात वर्ल्ड अमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकले, म्हणजे वैयक्तिक खेळात वर्ल्ड चॅम्पियन झालेला पहिला भारतीय! 1964 ला न्यूझीलंडला जाऊन परत जिंकले. नॅशनल बिलियर्ड्स तर 12 वेळा. खाशाबा जाधव आपल्याकडे निदान पुस्तकातून तरी माहीत असतात, जोन्सचं नाव पुण्यातल्या पोरांनाही माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

नंतर गीत सेठी, आता पंकज अडवाणी (25 च्या वर वर्ल्ड टायटल्स, जन्म पुन्हा पुण्याचाच), ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण मुंबईच्या मायकेल फरेरांबद्दल आवर्जून वाचा. 1977, 1981, 1983 असे 3 वेळा वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन. 1981 ला पद्मश्री देऊ केली तर घेतलीच नाही, म्हणाले क्रिकेटमध्ये गावसकरांना पद्मभूषण देता तर मलाही तेच द्या. तेव्हा लोकांना हे आगाऊपणाचं वाटलं असेल, मला मात्र शंभर टक्के बरोबर वाटतं, कारण तो मान ते खेळासाठी मागत होते. 1983 ला पद्मभूषणच मिळालं त्यांना.