सॅडल मोजून फेज ट्रान्झिशन सापडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मीन-फील्ड एक्स-वाय मॉडेलमध्ये (प्रतलात फिरणारे स्पिन, प्रत्येकाचा संबंध प्रत्येकाशी) सॅडल पॉइंटांची, म्हणजे काही दिशांना चढ आणि काहींना उतार असलेल्या स्थिर बिंदूंची, गर्दी नेमकी फेज ट्रान्झिशनच्या (अवस्था एकदम बदलण्याच्या) ऊर्जेपाशी होते, मग प्रोजेक्टच्या मॉडेलमधले सगळे स्थिर बिंदू (जिथे ऊर्जेचा ग्रेडियंट शून्य होतो) शोधून मोजले तर ट्रान्झिशन कुठे आहे ते कळेल का?

नुसतं मोजून नाही कळणार. हे पटवायला कॉम्प्युटरही लागत नाही.

एक्स-वाय स्पिनची सरळ साखळी घ्या. टोकं मोकळी, प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्याशी. ग्रेडियंट शून्य ठेवून एका टोकापासून सुटत गेलात, की प्रत्येक शेजारजोडीच्या कोनफरकाचा साइन शून्य येतो. म्हणजे फरक ० किंवा पाय. सगळी साखळी एकदम फिरवणं सोडलं, तर एन स्पिनसाठी २ चा (एन − १) वा घात इतके स्थिर बिंदू मिळतात आणि त्यांची गर्दी ऊर्जापट्ट्याच्या बरोबर मध्यावर होते. तरी तिथे काहीच घडत नाही; या साखळीला शून्याहून जास्त कुठल्याही तापमानाला ट्रान्झिशन नाही.

मग मीन-फील्डमध्ये वेगळं काय आहे? हेसियन, म्हणजे ऊर्जेच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांचा मॅट्रिक्स. साखळीत कोनफरक हेच चल धरले तर हेसियनच्या कर्णावर +१ किंवा −१ आणि बाकी सगळं शून्य, म्हणून डिटरमिनंटचं निरपेक्ष मूल्य कायम १. मीन-फील्डमध्ये स्थिर बिंदूंवर स्पिन ० किंवा पाय असतात (मॅग्नेटायझेशन, म्हणजे सगळ्या स्पिनची सरासरी, शून्य असलेले बिंदू तेवढे वेगळे). फिरवण्यामुळे येणारं शून्य आयगेनव्हॅल्यू बाजूला काढलं, तर मोठ्या एनसाठी डिटरमिनंटचं एन-वं मूळ थेट मॅग्नेटायझेशनइतकं येतं. नेहमीच्या नॉर्मलायझेशनमध्ये दर स्पिनची स्थितिज ऊर्जा म्हणजे (१ − मॅग्नेटायझेशनचा वर्ग) भागिले २. ती १/२ कडे गेली की सॅडल सपाट होत जातात, आणि ट्रान्झिशन बरोबर १/२ वरच आहे. हा हिशेब एकदा स्वतः करून बघाच, अर्ध्या पानाचं काम आहे.

सपाटपणाला एवढं महत्त्व का, तर एकट्या सॅडलमुळे डेन्सिटी ऑफ स्टेट्समध्ये (कुठल्या ऊर्जेला किती अवस्था आहेत त्याच्या आलेखात) येणाऱ्या खोचेचा घातांक साधारण एन/२ असतो. एन वाढवाल तशी ती गुळगुळीत होत जाते. पण त्या पदाच्या छेदात हेसियनच्या डिटरमिनंटचं वर्गमूळ बसलेलं असतं. ते पुरेशा वेगाने शून्याकडे गेलं तरच खोच टिकण्याची शक्यता. ही कसोटी मायकेल कास्टनर आणि ऑलिव्हर श्नेट्झ यांनी २००८ मध्ये मांडली.

पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. द्विमितीय जाळीवरचं फाय-फोर मॉडेल घ्या (जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक संख्या), त्याच्या ऊर्जेत फक्त चतुर्घाती आणि द्विघाती पदं आहेत. स्थिर बिंदूवर प्रत्येक चलाने त्याच्या डेरिव्हेटिव्हला गुणून बेरीज केली की द्विघाती भाग चतुर्घातीच्या उणे दुप्पट निघतो. म्हणजे स्थिर बिंदूंची ऊर्जा कधीच शून्याच्या वर जात नाही. कपलिंग (शेजाऱ्यांमधल्या संबंधाची ताकद) पुरेसं मोठं असेल तर ट्रान्झिशन मात्र शून्याच्या वर होतं, जिथे एकही स्थिर बिंदू नाही! कास्टनर आणि धगश मेहता यांनी २०११ मध्ये हे दाखवलं, आणि ट्रान्झिशनला स्थिर बिंदू लागतातच हा समज तिथे अडखळला.

आता तुमच्या कोडबद्दल. ग्रेडियंटचा वर्ग मिनिमाइझ करून सॅडल शोधताय, ती पद्धत बऱ्याचदा अशा जागी थांबते जिथे ग्रेडियंट शून्य नसतोच, फक्त हेसियनने त्याला गुणल्यावर शून्य येतं. प्रत्येक उत्तराचा ग्रेडियंट तपासा आणि असे बिंदू गाळा. समीकरणं बहुपदी असतील आणि एन लहान असेल तर होमोटोपी कंटिन्युएशन (सोप्या समीकरणांची उत्तरं हळूहळू आपल्या समीकरणांपर्यंत नेण्याची पद्धत) वापरा, त्यात सगळी उत्तरं मिळतात. फक्त एन थोडा वाढला की वेळ हाताबाहेर जातो.