साल्हेरच्या पहिल्या थंडीआधी

डिसेंबरात साल्हेरला मुक्काम करतोयस, छान. पण तुझी सॅक उचलून बघितली आणि माझेच खांदे भरून आले. दोन जीन्स, स्टीलचा डबा, सोलापुरी चादर... हे सगळं घरी ठेव. प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर टाकून बघ. एका रात्रीला पाण्यासकट आठ-नऊ किलोत भागतं. 1567 मीटरचा, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला आहे तो. उगाच घेतलेला किलो तिथे जाणवतो.

निफाडचा पारा पेपरात वाचून आपण हवेला घाबरतो, पण रात्री खरी थंडी जमिनीतून येते. पहिल्या खेपेला मी महागडी स्लीपिंग बॅग नेली आणि खाली नुसती चादर अंथरली. अंगाखालचं भरण दबून पापड झालं. ऊब धरते ती भरणातली हवा, तीच उरली नाही. पहाटे तीनला उठून उड्या मारत होतो! तेव्हा फोमची मॅट आधी, बॅग नंतर.

घामेजलेला टी-शर्ट वर पोचल्या पोचल्या बदल. झोपायचे कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांध, सुती नकोत. गरम पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून, पायाशी घे. तंबू तलावाकाठी लावू नकोस, दवाने सकाळी ओलाचिंब मिळेल. थंडी वाजली तरी तंबू पूर्ण बंद करायचा नाही आणि आत शेगडी, निखारे अजिबात नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

शेंगदाण्याची चिक्की मात्र जास्तीची घे. माझी नेहमी संपते.